जाळ्यापाशी उभा राहिलेला चिराग

मुंबईचा चिराग शेट्टी आणि अमलापुरमचा सात्विकसाईराज रंकीरेड्डी, दोघेही मुळात बॅडमिंटन कोर्टाच्या मागून स्मॅश मारणारे. मलेशियन प्रशिक्षक टॅन किम हर यांनी दुहेरीसाठी त्यांची जोडी जमवली, तेव्हा कुणाला तरी पुढे येणं भाग होतं. चिराग आला. सात्विकच्या स्मॅशवर कसंबसं परतलेलं शटल तो रॅकेट आधीच उंच धरून जाळ्यापाशीच टिपतो. टाळ्या मात्र स्मॅशला पडतात. २०२२च्या थॉमस कप अंतिम लढतीत पहिला गेम गमावूनही, मॅच पॉइंट वाचवत त्यांनी इंडोनेशियाच्या अहसान-सुकामुल्जोंना हरवलं. पुढच्याच वर्षी आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण आणि जगात पहिला क्रमांक! तरीही आपल्याकडे गुणी पोरांना आधी एकेरीकडेच वळवतात, याचं मला फार वाईट वाटतं.