मानधन नव्हे, मोबदला

आरोंद्यात माडावर चढणारा पाडेली झाडाला हात लावण्यापूर्वी माडामागचा दर ठरवतो. नारळ उतरले की हिशेब त्याच अंगणात पुरा होतो. त्याला कोणी लोभी म्हणत नाही. त्याच गावात बसून मुंबई-पुण्याच्या दिवाळी अंकासाठी कथा किंवा एखाद्या संस्थेच्या स्मरणिकेचा मजकूर लिहिणाऱ्याने दर विचारला, की तो मात्र साहित्याचा बाजार मांडणारा ठरतो.

या संकोचाला इतिहास आहे. आरोंद्याजवळच्या शिरोड्यात वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षक होते. लेखक म्हणून त्यांचे नाव झाले ते याच काळात. पोट शाळेने, कचेरीने वा बँकेने भरावे आणि लेखन फावल्या वेळात व्हावे, हीच मराठी लेखकाची रीत होऊन बसली. ‘मानधन’ हा शब्द या रीतीला शोभणारा आहे. मान दिल्यावर धनाची गोष्ट काढणे अशिष्ट, असा त्याचा गर्भितार्थ. १९०९ साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा भूषणावह खरी, पण कागदवाल्याचे आणि छापखान्याचे बिल चुकते होते, तेव्हाही कित्येक लेखकांच्या हाती अंकाची प्रतच पडते. १९५५ चा श्रमिक पत्रकारांचा कायदा नोकरीतील पत्रकारांसाठी होता. मुक्त लेखक त्या छत्राबाहेरच राहिला.

तेव्हा केवळ लेखणीवर जगू पाहणाऱ्याने आपल्या श्रमाच्या अटी आपणच मांडल्या पाहिजेत. रक्कम किती, ती कोणत्या दिवशी, फेरलेखन किती वेळा, आणि स्वीकारलेला मजकूर छापला गेला नाही तर काय, हे लिहायला बसण्यापूर्वी पत्राने ठरवावे. ‘प्रसिद्धीनंतर पैसे’ ही अट मान्य करू नये, कारण प्रसिद्धीचा दिवस लेखकाच्या हाती नसतो. मोठ्या कामाचा काही भाग आगाऊ घ्यावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतर लेखीच असावे लागते. मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी केलेल्याला २००६ च्या कायद्याचा आधार आहे. त्याचे पैसे करार काहीही असला तरी ४५ दिवसांपलीकडे अडवता येत नाहीत; अडवल्यास चक्रवाढ व्याज द्यावे लागते.

चळवळीच्या नियतकालिकांपाशी पैसे नसतात, हा आक्षेप प्रामाणिक आहे. त्यांच्यासाठी लेखकाने विनामूल्य जरूर लिहावे. परंतु दान हे देणाऱ्याने ठरवायचे असते, घेणाऱ्याने गृहीत धरायचे नसते. पैसे देता येणार नाहीत, हे अशा संपादकांनीही आरंभीच सांगितले पाहिजे. श्रमाच्या प्रतिष्ठेवर अग्रलेख लिहिणाऱ्यांवर ही जबाबदारी अधिकच आहे.

एकट्या लेखकाने अट घातली, तर संपादक दुसरा लेखक शोधील. तो दुसराही तीच अट घालील, तेव्हाच तिला वजन येईल. म्हणून लेखकांनी आपापले दर एकमेकांपासून झाकून ठेवू नयेत. आपल्याला किती मिळाले आणि केव्हा मिळाले, एवढे जरी ते एकमेकांना सांगू लागले, तरी संघटनेचा पहिला धडा गिरवला जाईल.