हरकतींची मुदत आणि पानिपतचा नकाशा

ऑक्टोबर १७६० मध्ये अहमदशहा अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि कुंजपुरा जिंकून बसलेल्या मराठी फौजेची दिल्लीची वाट तुटली. पुढचे पानिपत सर्वश्रुत आहे. पावसाळ्यानंतरच्या नदीला उतार कोठे मिळेल, हे दरबारी कागदांवरून कळण्यासारखे नव्हते. ते काठावरच्या माणसांनाच ठाऊक असणार. आज त्याच काठावरच्या जमिनीचे भवितव्य नकाशांवर ठरते आहे आणि नकाशा काढणारे काठावरच्या माणसाला सर्वांत शेवटी विचारत आहेत. याला अधिकाऱ्यांची हयगय काही अंशी कारणीभूत असेल. पण मूळ दोष कायद्याच्या रचनेत आहे.

पानिपत जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. या क्षेत्राच्या नियोजन मंडळाचा कायदा संसदेने १९८५ मध्ये केला. जमीन हा राज्यांचा विषय, म्हणून हरयाणा, राजस्थान आणि उत्तर प्रदेशच्या विधानमंडळांनी त्याआधी ठराव करून संसदेला तसा अधिकार दिला. मंडळाने प्रादेशिक योजनेचा मसुदा तयार करावा, तो पाहणीसाठी ठेवावा, हरकती व सूचना मागवाव्यात, त्यांचा विचार करावा आणि मग योजना अंतिम करावी, असा या कायद्याचा क्रम आहे. हरकत फेटाळली तर ती कोणत्या कारणाने, हे हरकतदाराला सांगण्याचे बंधन त्यात नाही.

या कायद्यानंतर आठ वर्षांनी, १९९३ मध्ये, ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती अमलात आली. ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. पंचायती व नगरपालिकांच्या योजना एकत्र करून जिल्ह्याचा विकास आराखडा तयार करण्याचे काम कलम २४३-झेडडीने जिल्हा नियोजन समितीकडे सोपवले आणि तिचे किमान चार पंचमांश सदस्य निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींतून यावेत, असे बजावले. म्हणजे घटनेला योजना खालून वर जायला हवी आहे, तर राजधानी क्षेत्राचा कायदा ती वरून खाली आणतो. या विसंगतीची गंभीर चर्चा संसदेत अभावानेच झाली. राजधानी क्षेत्र म्हटले की सभागृहात रस्ते, मेट्रो आणि प्रदूषण येते. नकाशा कोणी काढला, हा प्रश्न मागेच राहतो.

त्याची किंमत काय असते, हे २०४१ पर्यंतच्या प्रादेशिक योजनेच्या मसुद्याने दाखवले. डिसेंबर २०२१ मध्ये हा मसुदा प्रसिद्ध झाला आणि हरकतींसाठी ७ जानेवारी २०२२ पर्यंतची, म्हणजे साधारण ३० दिवसांची मुदत दिली गेली. सुमारे ५५ हजार चौरस किलोमीटरच्या प्रदेशासाठी एक महिना! आधीच्या, २००५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेत ‘नैसर्गिक संवर्धन क्षेत्र’ होते. नव्या मसुद्यातून ‘संवर्धन’ हा शब्द गेला आणि ‘नैसर्गिक क्षेत्र’ तेवढे उरले. शिवाय निसर्गाने निर्माण केलेली, कायद्याने अधिसूचित झालेली आणि जमिनीच्या अभिलेखांत तशी नोंद असलेलीच वैशिष्ट्ये त्यात धरावीत, असा रोख दिसला. पर्यावरण कार्यकर्त्यांचा आक्षेप मुख्यतः अरवलीच्या डोंगरांविषयी होता, आणि तो रास्तच होता. पण पानिपतसारख्या सपाट जिल्ह्यात या शब्दांचा अर्थ आणखी वेगळा होतो.

येथे डोंगर नाहीत. येथे आहेत ते जोहड, म्हणजे गावतळी; शामलात, म्हणजे आपल्याकडच्या गायरानासारखी सामाईक जमीन; आणि यमुनेची खादर, म्हणजे पुराचे पाणी पसरते तो सखल पट्टा. जोहड माणसांनी खोदला, म्हणून तो ‘नैसर्गिक’ ठरत नाही. पटवाऱ्याच्या जमाबंदीत जमिनीचा वर्ग एक आणि प्रत्यक्ष वापर दुसराच, असे अनेकदा असते. पूर कोठवर चढतो, गुरे कोणत्या वाटेने पाण्यावर जातात, कोणत्या हातपंपाचे पाणी पिण्याजोगे राहिलेले नाही, याला अभिलेखात रकानाच नाही. गावच्या तळ्यांवरील आणि सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात जानेवारी २०११ मध्ये सर्व राज्यांना दिले. पण जे तळे नकाशावर नाही, त्यावरचे अतिक्रमण हटवणार कसे?

गावाला माहीत असलेली गोष्ट सरकारदरबारी खरी ठरायला काय सोसावे लागते, याचेही उदाहरण पानिपतमध्येच आहे. तेलशुद्धीकरण कारखान्यामुळे हवा आणि पाणी दूषित होत असल्याची तक्रार घेऊन सिठाणा गावच्या सरपंचांना २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले. लवादाने संयुक्त समिती नेमून पाहणी करवली आणि २०१९ मध्ये इंडियन ऑइलला १७.३१ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. त्याआधी दहा वर्षे, २००९ मध्येच, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पानिपतचा समावेश देशातील ४३ अतिप्रदूषित औद्योगिक समूहांत केला होता. आकडा सरकारपाशी होता आणि ठिकाण गावापाशी. दोन्ही एका कागदावर आणायला लवाद लागला. हा प्रश्न पानिपतपुरताही नाही. तेथील रंगाई कारखान्यांचे सांडपाणी नाल्यांतून यमुनेला मिळते आणि अमोनिया वाढला की दिल्लीतील वझिराबाद व चंद्रावलच्या जलशुद्धीकरण केंद्रांचे काम मंदावते किंवा थांबते. हे वाचणाऱ्या अनेकांच्या घरचा नळ त्या दिवशी कोरडा असतो.

लोकांना बरोबर घेऊन नकाशा काढणे अव्यवहार्य आहे, हा प्रशासनाचा नेहमीचा बचाव. पण पानिपतला लागून असलेल्या कर्नाल जिल्ह्यातील सिरसी हे गाव जानेवारी २०२० मध्ये ‘लालडोरा-मुक्त’ जाहीर झाले. एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व योजना आली. त्याआधी पुणे जिल्ह्यात सोनोरीच्या गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली होती. या योजनेत ड्रोन उडण्यापूर्वी घरमालकांसमक्ष हद्दीवर चुन्याच्या रेषा आखतात, नंतर नकाशा गावाला दाखवतात आणि हरकती जागेवर तपासतात. घराच्या भिंतीसाठी जे जमते, ते तळ्याच्या काठासाठी का जमू नये?

प्रादेशिक योजनेच्या पातळीवर हे करून पाहिले ते गोव्याने. तेथील २०११ची प्रादेशिक योजना जनआंदोलनानंतर जानेवारी २००७ मध्ये रद्द झाली. चार्ल्स कोरिया ज्याचे एक सूत्रधार होते, त्या कृतिदलाने २०२१च्या योजनेचा मसुदा गावागावांत पाठवला. गावांनी आपापल्या नकाशांवर शेते, तळी आणि डोंगरउतार तपासून दुरुस्त्या सुचवल्या. पुढे अंतिम नकाशात सूचना डावलल्याच्या तक्रारी आल्या आणि २०१२ मध्ये सत्तांतर होताच योजना स्थगित झाली. मुंबईत उलटे घडले. २०३४च्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला, हरकती हजारोंच्या संख्येने पडल्या आणि चुकांमुळे त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो पुन्हा करण्याचा आदेश मुख्यमंत्र्यांना द्यावा लागला. लोकांना उशिरा विचारले तर काम दोनदा करावे लागते, हा मुंबईचा धडा. आणि लवकर विचारूनही त्यांच्या शब्दाला कायद्याचे बळ दिले नाही तर केलेले काम पाण्यात जाते, हा गोव्याचा.

एक आक्षेप मात्र खरा आहे. गावाचा नकाशा म्हणजे गावातील बलवानांचा नकाशा होण्याचा धोका असतो. भूखंडांचे भाव वाढलेल्या पट्ट्यात जमीनमालकाला तळ्यापेक्षा वसाहत जवळची वाटू शकते. पाणी भरणारी बाई, भूमिहीन मजूर, पानिपतच्या हातमाग-यंत्रमागांवर राबणारा उत्तर प्रदेश-बिहारचा कामगार यांची नावे जमाबंदीत नसतात. त्या कामगाराचे नाव बहुधा मतदार यादीतही नसते. आपल्या गावापासून दूर, दिल्लीच्या परिसरात भाड्याने राहणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको. म्हणून केवळ ग्रामसभेचा ठराव पुरेसा नाही. महिलांच्या स्वतंत्र सभा, वस्त्यांमधील पाहणी आणि उपग्रह छायाचित्रांशी पडताळणी ही पथ्ये पाळावीच लागतील.

संसदेने १९८५च्या कायद्यात निदान तीन दुरुस्त्या कराव्यात. मसुद्याआधी प्रत्येक ग्रामसभेचा व प्रभागाचा प्रत्यक्ष भूवापराचा नकाशा तयार व्हावा. तो स्थानिक भाषेत आणि शेताचा बांध ओळखता येईल इतक्या मोठ्या प्रमाणात असावा. आणि त्यातील जी नोंद मंडळ नाकारील, तिचे लेखी कारण जाहीर करावे. अधिकाऱ्यांचे काम यामुळे वाढेल. पण न्यायालये आणि लवादांसमोर करावे लागणारे खुलासे कमीही होतील. नियोजनाचा अधिकार यातून कोणी काढून घेत नाही. जमीन ओळखणाऱ्यांना आधी विचारल्याशिवाय तो वापरू नये, एवढेच मागणे आहे. बागपतच्या उताराने हा धडा एकदा आपल्याला दिला आहे.