पट्टी पाहावी की पट पाहावा?

जॉर्जियातील बातुमी या काळ्या समुद्राकाठच्या शहरात जुलै २०२५ च्या अखेरीस महिलांच्या विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धेची अंतिम लढत झाली. एका बाजूला होती जलद बुद्धिबळाचे जगज्जेतेपद दोनदा मिळविलेली, अडतीस वर्षांची कोनेरू हंपी. दुसऱ्या बाजूला अवघ्या एकोणीस वर्षांची नागपूरची दिव्या देशमुख. दोघीही भारतीय असल्याने चषक भारतात येणार हे आधीच निश्चित झाले होते. २६ व २७ जुलै रोजी झालेले दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले आणि सोमवारी, २८ जुलै रोजी, जलद डावांच्या फेरीत दिव्याने अडीच विरुद्ध दीड अशा गुणांनी लढत जिंकली. ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही निकष पूर्वी पूर्ण झालेला नसताना या एका विजयाने ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. महाराष्ट्राने अभिमान बाळगावा अशीच ही घटना होती आणि त्या अभिमानाला उधाणही आले. परंतु या लेखाचा विषय तो विजय नसून तो विजय ज्या रीतीने पाहिला गेला ती रीत हा आहे.

ही लढत पाहण्यासाठी बातुमीला जाण्याची गरज नव्हती. नंदुरबारच्या एखाद्या कचेरीतील कारकुनाला, शहाद्याच्या शिक्षकाला किंवा नवापूरच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला ती आपल्या मोबाइलवर चालीगणिक पाहता येत होती. आजकाल अशा प्रक्षेपणात पटाच्या शेजारी काळी-पांढरी पट्टी उभी असते. पांढऱ्याची बाजू वरचढ झाली की पांढरा रंग वर चढतो, काळ्याची सरशी झाली की काळा रंग पसरतो, आणि सोबत उणे-अधिक असा आकडा झळकतो. हा संगणकाचा निवाडा. पहिल्या डावात पांढऱ्या मोहऱ्यांनिशी खेळणाऱ्या दिव्याला प्रारंभीच मोठी संधी असल्याचे संगणक दाखवीत होता. ती संधी निसटली आणि डाव बरोबरीत गेला. अखेरच्या जलद डावात तर घड्याळाच्या काट्यावर खेळताना दोघींच्याही हातून चुका झाल्या आणि पट्टी एकदा इकडे, एकदा तिकडे हेलकावत राहिली. ‘एवढे साधे तिला दिसले नाही?’ असा प्रश्न अशा वेळी ज्यांना बुद्धिबळातील घोडा कसा चालतो एवढेच ठाऊक असते, असे लोकही सहज विचारून जातात. वस्तुतः ते त्यांनाही दिसलेले नसते. त्यांना दिसलेली असते ती केवळ पट्टी!

ही पट्टी म्हणजे नेमके काय, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. आजच्या बुद्धिबळ-संगणकांत सर्वांत परिचित नाव स्टॉकफिशचे. २००८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला हा आज्ञावलीसंच कोणालाही विनामूल्य मिळतो. समोरच्या स्थितीतून निघणाऱ्या चाली, त्यांना संभवणारी उत्तरे, त्या उत्तरांवरील प्रत्युत्तरे असा फांद्याफांद्यांचा वृक्ष तो क्षणार्धात उभा करतो. निरुपयोगी फांद्या छाटीत जातो आणि उरलेल्या टोकांवरील स्थितींना गुण देतो. २०२० पासून हे गुण देण्याच्या कामी त्यात मज्जाजालाच्या धर्तीवर घडविलेली गणिती रचनाही आली आणि त्याचे बळ आणखी वाढले. निकालाचा आकडा पूर्वापार प्याद्यांच्या मापाने सांगितला जातो. अधिक एक म्हणजे स्थूलमानाने पांढऱ्याला एका प्याद्याइतका लाभ. स्टॉकफिशच्या अलीकडच्या आवृत्त्यांत तर अधिक एक याचा अर्थ, तुल्यबळ संगणकांच्या खेळात ती बाजू जिंकण्याची शक्यता निम्मी, असा बसविण्यात आला आहे. म्हणजे हा आकडा यंत्राने यंत्राच्या खेळाविषयी वर्तविलेला अंदाज असतो. दोन्ही बाजू अचूकच खेळतील हे त्यात गृहीत धरलेले असते. समोर बसलेल्या माणसाची झोप झालेली आहे की नाही, त्याच्या घड्याळात दहा सेकंद उरले आहेत की दहा मिनिटे, याची त्या आकड्याला वार्ता नसते.

याचा सर्वांत बोलका दाखला डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला मिळाला. जगज्जेतेपदाच्या लढतीत डिंग लिरेन आणि डी. गुकेश यांचे गुण तेरा डावांनंतर समान होते. १२ डिसेंबरच्या चौदाव्या व अखेरच्या डावात डिंगकडे एक प्यादे कमी होते, तरी स्थिती बरोबरीची आहे असे संगणक सांगत होता. आणि ते खरेही होते. परंतु गुकेश थांबला नाही. तासामागून तास तो बारीकसारीक प्रश्न विचारीत राहिला. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्तीची एक चाल केली आणि सारे संपले. हत्तींच्या अदलाबदलीनंतर कोपऱ्यात सापडलेल्या उंटाचीही अदलाबदल त्याला टाळता येईना. गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. केवळ पट्टी पाहणाऱ्याला वाटले, ही अकस्मात घडलेली घोडचूक. पट पाहणाऱ्याला मात्र त्या चुकीमागे साचत आलेला थकवा आणि दडपण दिसत होते. नकाशावर शहादा आणि धडगाव यांच्यामधील अंतर बोटभर असते. सातपुड्याचा घाट किती आहे हे चढणारालाच कळते. संगणकाचा आकडा हा नकाशा आहे, घाट नव्हे.

यावर कोणी असे समजू नये की आमचा यंत्राला विरोध आहे. १९९७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये डीप ब्ल्यू या संगणकाने तत्कालीन जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरविले, तेव्हाच तो वाद मिटला. आज खिशातल्या मोबाइलवरील आज्ञावलीदेखील जगज्जेत्याला नमविते. यंत्राच्या आगमनाने खेळाच्या रीतीही पालटल्या. पूर्वी लांबलेला डाव रात्री तहकूब होई, पुढची चाल पाकिटात बंद केली जाई आणि खेळाडू व त्यांचे साहाय्यक रात्रभर विश्लेषण करीत. संगणक प्रबळ झाल्यावर त्या रात्रीच्या जागरणाला अर्थ उरला नाही आणि १९९० नंतरच्या दशकात ही प्रथा मोडीत निघाली. आता तर काही मोठ्या स्पर्धांत चालींचे प्रक्षेपणही मुद्दाम पंधरा मिनिटे उशिरा केले जाते. कारण बाहेरच्या यंत्राचा सल्ला आत पोहोचू नये! ज्या यंत्राने प्रेक्षकाला सर्वज्ञ केले त्याच यंत्रामुळे खेळाडूवर पहारा बसवावा लागला.

हे सारे मान्य करूनही एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. नंदुरबारसारख्या जिल्ह्याला या यंत्राने जे देऊ केले आहे ते शहरांना देऊ केलेल्यापेक्षा कितीतरी अधिक आहे. महाराष्ट्राचे बुद्धिबळ आजवर घडले ते शहरांत आणि मंडळांत. सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापिले आणि पिढ्यांमागून पिढ्या तेथे पटावर बसल्या. मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी १९७४ पासून महिलांच्या राष्ट्रीय अजिंक्यपदावर घराण्याची मोहोर उमटविली. मुंबईचे प्रवीण ठिपसे, पुण्याचे अभिजित कुंटे, नाशिकचा विदित गुजराथी आणि आता नागपूरची दिव्या, या सर्वांना जवळपास कोणीतरी शिकविणारे, हरविणारे आणि हरल्यावर चूक दाखविणारे भेटले. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला, दोनतृतीयांशांहून अधिक लोकसंख्या आदिवासी असलेला आणि २०११ च्या जनगणनेत साक्षरतेत राज्यात सर्वांत मागे राहिलेला आमचा जिल्हा या नकाशावर कोठे होता? अक्राणी वा अक्कलकुवा तालुक्यातील आश्रमशाळेत शिकणाऱ्या मुलीची बुद्धी नागपूरच्या मुलीहून उणी आहे असे कोणी म्हणणार नाही. उणे होते ते तिला हरविणारे आणि चूक दाखविणारे माणूस.

आता ते काम करणारे यंत्र विनामूल्य उपलब्ध आहे. जगज्जेता ज्याच्या साहाय्याने तयारी करतो तेच साधन एका साध्या मोबाइलवर उतरविता येते आणि एकदा उतरविले की ते इंटरनेटवाचूनही चालते. सातपुड्याच्या ज्या पाड्यांत संदेशवहनाची लहर मिळविण्यासाठी टेकडी चढावी लागते तेथेही ते उपयोगी पडू शकते. शिवाय बुद्धिबळाचा संपूर्ण डाव चालींच्या खुणांनी लिहिला तर एका पोस्टकार्डावर मावतो. त्यासाठी चलच्चित्र लागत नाही, समालोचन लागत नाही. १९७२ च्या उन्हाळ्यात रेक्याविकला फिशर आणि स्पास्की यांची लढत झाली, तेव्हा जगभरचे शौकीन वृत्तपत्रांत आलेल्या चाली आपल्या पटावर मांडून पाहत असत. निवाडा सांगणारी पट्टी त्यांच्याजवळ नव्हती. म्हणूनच प्रत्येक चालीपाशी थांबून ‘असे का?’ हे त्यांना स्वतःलाच विचारावे लागे. साधने कमी होती, पण तो प्रश्न विचारण्याची सवय होती.

आज नेमकी ती सवय धोक्यात आहे, आणि हा धोका बुद्धिबळापुरता नाही हे शिक्षकांना सांगावयास नको. अंकगणिताच्या पुस्तकात उत्तरे शेवटच्या पानांवर छापलेली असतात. ती असावीतच, त्यावाचून विद्यार्थ्याने आपले गणित पडताळावे कसे? परंतु जो विद्यार्थी आधी शेवटचे पान उघडतो आणि मग गणित ‘सोडवितो’, त्याला उत्तर येते, गणित येत नाही. गाइडांनी आमच्या परीक्षांची जी अवस्था केली तीच अवस्था ही पट्टी विचारशक्तीची करू शकेल. उत्तर हाताशी असणे ही संपत्ती आहे. उत्तर आधी पाहणे हे दारिद्र्य आहे. आणि या दारिद्र्याची झळ शहरातील मुलापेक्षा आमच्या मुलालाच अधिक लागेल. कारण शहरातील मुलाजवळ यंत्राखेरीज शिक्षकही असतो, तो त्याला हटकतो. आमच्या मुलाला हटकणारे कोण?

त्याचा दुसरा परिणाम स्वभावावर होतो. निवाडा फुकट मिळाला की निवाडा देण्याची चटक लागते. ज्या चालीसाठी हंपीने किंवा डिंगने आयुष्यभराची साधना पणाला लावली, तिला आकडा पाहून ‘मूर्खपणा’ म्हणणे सोपे होते. गुणपत्रिका पाहून विद्यार्थ्याला आणि एका नोंदीवरून कर्मचाऱ्याला निकालात काढणारी वृत्ती ती हीच. अंतिम लढत हरलेल्या हंपीने पंधराव्या वर्षी, २००२ मध्ये, ग्रँडमास्टर किताब मिळविला होता आणि तिच्या पावलावर पाऊल ठेवूनच पुढच्या मुली आल्या. तिच्या एका संध्याकाळच्या चुका मोजणाऱ्या पट्टीला ही पुण्याई मोजता येत नाही.

मग करावे काय? उपाय खर्चाचा नाही. माध्यमिक शाळांनी, आश्रमशाळांनी आणि तालुक्याच्या वाचनालयांनी आठवड्यातून एक संध्याकाळ पटासाठी राखून ठेवावी. मोठ्या लढतीचा एखादा डाव भिंतीवरच्या पटावर किंवा फळ्यावर मांडावा. महत्त्वाच्या चालीपाशी थांबावे. प्रत्येकाने आपली चाल आणि तिचे कारण एका ओळीत कागदावर लिहावे. त्यानंतर खेळाडूची चाल सांगावी, तिच्यावर वाद होऊ द्यावा आणि सर्वांत शेवटी मोबाइल उघडून यंत्राला विचारावे. यंत्राचे मत वेगळे आले तर त्याच्यापुढे मान तुकविण्यापूर्वी ‘का?’ याचे उत्तर पटावर चाली करून शोधावे. या कामी शिक्षक स्वतः नामांकित खेळाडू असण्याची आवश्यकता नाही. त्याने फक्त क्रम पाळला म्हणजे पुरे: आधी पट, मग माणूस, मग यंत्र. जो क्रम येथे मुलांच्या अंगी बाणेल तो पुढे त्यांना प्रयोगशाळेत, न्यायालयात आणि कचेरीतल्या फायलींपुढेही उपयोगी पडेल. कारण तयार उत्तरे देणारी यंत्रे आता बुद्धिबळापुरती उरलेली नाहीत.

दिव्या देशमुखच्या विजयाने महाराष्ट्रातील अनेक घरांत पट पुन्हा बाहेर निघाले असतील. ते सातपुड्याच्या पायथ्याशीही निघावेत. या मातीतून ग्रँडमास्टर निघेल की नाही हे आज कोणताही संगणक सांगू शकत नाही आणि तो प्रश्न तूर्त महत्त्वाचाही नाही. पट्टीवर हात झाकून, कपाळाला आठ्या घालून, स्वतःची चाल शोधणारी दहा मुले प्रत्येक शाळेत निर्माण झाली, तर त्या यंत्राने आमच्या जिल्ह्याचे खरोखर भले केले असे म्हणता येईल. तोवर ते केवळ दुसऱ्यांच्या चुका दाखविणारे खेळणे आहे.