सगळ्यांना एकच आकडा कशाला?

जिमखान्याच्या नोटीस बोर्डावर सध्या एक कागद लावलाय. वर लाल स्केचपेनने 'मिशन ट्रायथलॉन', खाली पाच नावं, आणि पाचही नावांसमोर एकच टार्गेट : १ तास ३० मिनिटं. त्यातलं चौथं नाव माझं आहे. आकडा मात्र मी लिहिलेला नाही. तो फायनल इयरच्या एका दादाने लिहिलाय. तो स्वतः गेल्या वर्षी १ तास २८ मिनिटांत आला होता, म्हणून 'दीडच्या आत' हे त्याने आम्हा सगळ्यांना सरसकट लावून टाकलं. त्याचा उत्साह अगदी खरा आहे. सकाळी सहाला दारं वाजवून मुलांना उठवणारा सीनियर सगळ्यांच्या नशिबी नसतो. माझं भांडण फक्त त्या आकड्याशी आहे, आणि ते इथे लिहून मांडतेय, कारण मेसच्या टेबलावर ते दोन मिनिटांत हसण्यावारी जातं. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं.)

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, सगळं सलग. मधे कपडे-बूट बदलायला लागणारा वेळसुद्धा तुमच्याच घड्याळात धरला जातो. आम्ही फेब्रुवारीत जातोय ती स्प्रिंट, म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर पळणं. ऑलिम्पिकमध्ये २००० साली सिडनीला हा खेळ आला, तिथे अंतर याच्या दुप्पट असतं. गोव्याला मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ मध्ये झालेली ती अर्धी आयर्नमॅन, १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल आणि २१.१ पळणं. पूर्ण आयर्नमॅन म्हणजे याच्याही दुप्पट. तेव्हा आमची स्प्रिंट म्हणजे या घराण्यातलं शेंडेफळ. पण शेंडेफळ असलं तरी पाणी तेवढंच खोल असतं!

आता दीड तास फोडून बघू. पोहणं १५ मिनिटं, बदल ३, सायकल ४०, बदल २, पळणं ३०. झाले ९०. कागदावर एकदम सोपं दिसतं. आता माझे आकडे. कॉलेजच्या २५ मीटरच्या टाकीत ७५० मीटर मला २० मिनिटं ४० सेकंद लागतात. पण टाकीत ३० फेऱ्यांमधे २९ वेळा भिंत येते, आणि प्रत्येक भिंतीला पायाने ढकललं की दोन-तीन मीटर फुकट मिळतात. तलावात भिंत नाही, तळाची काळी रेघ नाही, आणि दर थोड्या वेळाने डोकं वर काढून पुढचा नारिंगी फुगा कुठे आहे ते शोधावं लागतं. नाही शोधला तर आपण तिरके जातो आणि ७५० चे ८५० पोहून बसतो. म्हणून मी २५ मिनिटं धरते. सायकल माझी सेकंडहँड, गिअरची. हायवेच्या नाक्यापर्यंत जाऊन-येऊन २० किलोमीटरला तासभर. नुसतं पळाले तर ५ किलोमीटर ३६ मिनिटांत होतात, पण सायकलवरून उतरून लगेच पळाले तेव्हा ४० लागली. (त्या पहिल्या किलोमीटरला पाय आपले नसतातच, कुणाकडून तरी उसने आणलेले वाटतात.) बदलाचे ४ आणि ३ धरले तर बेरीज १३२ मिनिटं, म्हणजे २ तास १२ मिनिटं.

आपण डिझाइनच्या पेपरात कुठलाही शाफ्ट मटेरियलच्या पूर्ण ताकदीवर काढत नाही. फॅक्टर ऑफ सेफ्टी घेतो. मी १.०६ घेतला, जो कुठल्याही सरांना बघवणार नाही, आणि माझं टार्गेट आलं २ तास २० मिनिटं. नोटीस बोर्डवाला आकडा आणि माझी बेरीज यात ४२ मिनिटांचा फरक आहे. 'जोर लावला की होतं' या वाक्याने तो फरक भरून निघत नाही. निघत का नाही, ते फ्लुइड मेकॅनिक्स शिकलेल्यांनी तरी सांगायला हवं होतं!

पाण्याचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि त्याला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने. म्हणजे मला पोहण्याचा वेग १० टक्के वाढवायचा तर ३३ टक्के जास्त पॉवर लागणार. मिळणार काय? २५ मिनिटांतली सव्वादोन मिनिटं. आणि २५ वरून १५ वर यायचं तर वेग १.६७ पट, पॉवर जवळजवळ ४.६ पट. एवढी पॉवर माझ्यात कुठून येणार? मेसच्या पोह्यांतून? चांगले पोहणारे पॉवर वाढवून जिंकत नाहीत, ते विरोध कमी करतात. डोकं खाली, कंबर वर, हात लांब. ते जमायला महिने लागतात आणि त्याला शॉर्टकट नाही. सायकलचंही तेच. ताशी २० वरून ३० वर जायचं तर नुसत्या हवेच्या विरोधापुरती सुमारे ३.४ पट पॉवर लागते. आणि समजा, पाणी आणि सायकल दोन्हीकडे जीव काढलाच, तर पळायला शिल्लक काय? दोन मिनिटं वाचवायची आणि शेवटच्या तीन किलोमीटरला चालत जाऊन दहा घालवायची, हा हिशेब कुठल्या वहीत बसतो?

यावर माझी रूममेट म्हणते, "अगं पण वेळेचं टार्गेट नसेल तर मजा काय?" तिला मी १९७८ चं उदाहरण देते. हवाईच्या ओआहू बेटावर जॉन कॉलिन्स नावाच्या नौदल अधिकाऱ्याने तिथल्याच तीन वेगवेगळ्या शर्यती एकाला एक जोडल्या आणि पहिली आयर्नमॅन झाली. १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. पहिला आला गॉर्डन हॉलर, वेळ ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंद. त्या सकाळी यातल्या एकालाही चांगली वेळ म्हणजे किती हे माहीत असणं शक्यच नव्हतं, कारण आधी कुणी केलेलंच नव्हतं. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारचं पाणी संपलं तेव्हा त्याच्या सोबतच्या लोकांनी त्याला बिअर दिली, असं सांगतात. (रेक्टर सर, हे मी नाही, इतिहास सांगतोय.) तरी मजा आली असणारच, नाहीतर तो खेळ आज जगभर का पसरला असता?

दुसरी गोष्ट आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येणाऱ्या त्या व्हिडिओची. १९८२ ची आयर्नमॅन. ज्युली मॉस नावाची २३ वर्षांची विद्यार्थिनी आघाडीवर आहे, शेवटच्या टप्प्यात पाय साथ सोडतात, ती पडते, उठते, परत पडते, आणि शेवटी हातापायांवर रांगत रेषा ओलांडते. तोवर कॅथलीन मॅकार्टनी पुढे निघून जिंकलेली असते, २९ सेकंदांनी. ज्युली आपल्यासारखीच, शरीरविज्ञानाच्या प्रोजेक्टसाठी माहिती गोळा करायला शर्यतीत उतरली होती. (आणि आपण प्रोजेक्टचा डेटा कुठून आणतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.) व्हिडिओ बघून अंगावर काटा येतो, माझ्याही आला. पण त्याच्याखाली 'याला म्हणतात जिद्द, असं पाहिजे' असं लिहून पहिल्यांदा उतरणाऱ्यांना पाठवणं मला पटत नाही. ती रस्त्यावर पडली, तिथे आजूबाजूला माणसं होती. आमच्या शर्यतीत असं पहिल्या २५ मिनिटांत झालं तर आपण रस्त्यावर नसतो, तलावाच्या मधोमध असतो. पाण्यात रांगता येत नाही.

आणि इथेच मला त्या पाचव्या नावाची काळजी वाटते. नाव लिहीत नाही. एस.ई.चा मुलगा आहे, पोहायला ऑगस्टमध्ये शिकला, सध्या न थांबता २०० मीटर जातो. तेवढ्या दिवसांत हे उत्तमच आहे. पण त्याच्याही नावापुढे तेच : १ तास ३० मिनिटं, त्यातलं पोहणं १५. असा आकडा डोक्यात घेऊन तो पाण्यात उतरला तर काय करेल? सुरुवातीच्या गर्दीत, कुणाची लाथ चष्म्याला लागतेय अशा वेळी, तोही हात मारत सुटेल. शंभर मीटरवर धाप लागेल, पाणी नाकातोंडात जाईल, आणि थांबावं असं वाटलं तरी 'वेळ जातोय' म्हणून थांबणार नाही. टाकीवरचे लाइफगार्ड काका रोज म्हणतात, "बाळा, आधी पाठीवर तरंगायला शीक. हात नंतर मार." त्याचं टार्गेट काकांनी ठरवायला हवं होतं.

माझ्या मते त्याच्या नावापुढे वेळच लिहू नये. लिहायचंच तर असं लिहावं : सगळ्यांना पुढे जाऊ देणार, दहा सेकंद थांबून कडेने निघणार, धाप लागली तर पाठीवर वळून श्वास घेणार, घाबरल्यासारखं झालं तर हात वर करून बोटवाल्याला बोलावणार. बहुतेक शर्यतींच्या नियमात बोट धरून दम खायला परवानगी असते, फक्त तिला धरून पुढे सरकायचं नाही. हे आमच्यापैकी तिघांना माहीतच नव्हतं! 'बोट धरली म्हणजे बाद' असं समजून पोहणारा माणूस आणि 'धरली तरी चालते' हे माहीत असणारा माणूस, यांच्या पहिल्या शंभर मीटरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आणि शर्यतीच्या दोन आठवडे आधीपर्यंत टाकीत सलग १००० मीटर, आणि सरांच्या देखरेखीखाली, सोबत बोट ठेवून, उघड्या पाण्यात एकदा ५०० मीटर त्याला जमलं नाही, तर त्याने या वेळी उतरू नये. पळणं-सायकल-पळणं अशी ड्युएथलॉन असते, ती करावी. पुढच्या वर्षी तलाव तिथेच असेल. हे मी त्याला समोर बसून सांगितलंय. तो थोडा रागावला, पण दुसऱ्या दिवशी टाकीवर आला.

बाकी तिघांनी काय करायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं, पण स्वतःचे आकडे मोजून. एकाची सायकल खरंच ताशी ३० ने जाते, त्याला दीड तास जवळ आहे, त्याने जरूर मागे लागावं. मी टार्गेट सोपं करा म्हणत नाहीये. माझं २ तास २० हे मला सोपं नाही. त्यात पंक्चर झालं तर स्वतः ट्यूब बदलायची असंही मी लिहिलंय, आणि ते मला अजून १४ मिनिटांच्या खाली जमलेलं नाही. शेवटचा किलोमीटर चालायचा नाही, पळायचा, हेही लिहिलंय. वेळ चुकली तरी हे दुसरं पाळता येतं. वारा सुटला, तलावात लाटा आल्या, तर वेळ माझ्या हातात राहत नाही, पण सायकलवर घाई न करणं हे राहतं.

अजून एक गणित राहिलंच. इंटरनेटवरचे सगळे प्लॅन १२ आठवड्यांचे असतात, आणि ते लिहिणाऱ्यांना सबमिशन नावाची गोष्ट माहीत नसते. आमच्या १२ मधून परीक्षेचे दोन आणि जर्नल-ओरल्सचा एक गेला की ९ उरतात. त्यातही आठवड्याला पाच तास मिळाले तर देवाची कृपा. जागून जर्नल लिहिल्यावर सकाळी उठून पळण्यापेक्षा झोपलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. ९ आठवडे, ४५ तास. एवढ्यात काय होतं? २ तास १२ चे २ तास ५ होऊ शकतील. दीड तास होत नाही.

शेवटी जिमखान्याला एक विनंती, कारण आमचे आकडे सुधारण्यात त्यांचाही हात आहे. टाकीवर मुलींची बॅच ४ ते ५ असते आणि आमचं प्रॅक्टिकल सुटतं ५ ला. लेडीज हॉस्टेलचं गेट सकाळी ६ ला उघडतं, मुलांची बॅच ६ ते ७.३०. म्हणजे टाकीत उतरायचं तर प्रॅक्टिकल बुडवायचं, किंवा रविवारची वाट बघायची. त्या तासाऐवजी ५.३० ते ६.३० द्यावी एवढंच मागणं आहे. अर्ज तयार आहे, त्यावर ३१ सह्या झाल्यात, रेक्टर मॅडमचीही आहे. अजून ज्यांना करायची आहे त्यांनी शुक्रवारपर्यंत लेडीज हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये यावं. पेन आपलं आणावं.