फिर्यादी तेच, न्यायाधीशही तेच

वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक टायपात एक ओळ असते: हे पत्र अमुक यांनी तमुक छापखान्यात छापून प्रसिद्ध केले. वाचक तिकडे ढुंकून पाहत नाही. वाचतो तो नोटीस धाडायला बसलेला वकील. लेखणी कुणाचीही असो, मान अडकते ती त्या ओळीतल्या माणसाची.

जेम्स ब्राउन हा असाच ओळीतला माणूस. लिव्हरपूलचा, आफ्रिकी वंशाचा, धंद्याने मुद्रक. १८४६ साली तो आयल ऑफ मॅन बेटावर आला. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रातलं हे बेट. राजमुकुट ब्रिटनचाच, कायदे मात्र स्वतःचे. बेटावर छापलेली पत्रं तेव्हा फुकट टपालाने ब्रिटनभर जात, त्यामुळे तिथे छापखान्यांची चलती होती. पुढे सवलत बंद झाली, ब्राउन मात्र तिथेच राहिला. १८६१ मध्ये त्याने ‘आयल ऑफ मॅन टाइम्स’ काढलं.

बेटाची वस्ती तेव्हा ५२ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. कायदे करायला २४ जणांचं ‘हाऊस ऑफ कीज’. त्यांना लोक निवडून देत नसत. जागा रिकामी झाली की उरलेले सभासदच दोन नावं सुचवत आणि गव्हर्नर त्यांतलं एक उचलत असे. शिवाय हेच चोवीस जण अपिलंही ऐकत. कायदा करणारे तेच, निवाडा देणारेही तेच!

१८६४ मध्ये डग्लस शहराच्या कमिशनरांना जादा अधिकार देणारं विधेयक कीजनी फेटाळलं. ब्राउनने सभागृहातली बोलणी छापली आणि वर चोवीसांना चार शब्द सुनावले. झालं, कीजची अब्रू गेली. ब्राउनला सभागृहापुढे बोलावण्यात आलं. त्याने माफी मागायला नकार दिला. शिक्षा सहा महिने, मुक्काम कॅसल रशेन या किल्ल्यातला तुरुंग.

मला यातली खरी मेख बेटाच्या आकारात दिसते. मोठ्या देशात संपादक आणि संतापलेला पुढारी यांच्यामध्ये निदान एक तिऱ्हाईत न्यायाधीश बसलेला असतो. इथे ज्यांची अब्रू गेली, त्यांनीच आरोप ठेवला आणि त्यांनीच शिक्षा ठोठावली. दाद मागायची तर समुद्र ओलांडायला हवा. ब्राउनने तो ओलांडला. लंडनच्या क्वीन्स बेंचने सांगितलं, की कायदेमंडळ म्हणून बसलेल्या कीजना अवमानासाठी कुणाला तुरुंगात टाकण्याचा अधिकारच नाही. सुमारे सात आठवड्यांनी ब्राउन सुटला. गप्प बसेल तर तो ब्राउन कसला! बेकायदा कोंडल्याबद्दल त्याने कीजवरच उलट दावा लावला आणि ५१८ पौंडांवर भरपाई वसूल केली.

मराठी वाचकाला इथे १८८२ चा कोल्हापूर खटला आठवणारच. टिळक-आगरकरांनी कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध छापलेली पत्रं बनावट निघाली. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पण त्यांना शिक्षा दिली ती मुंबईच्या कोर्टाने, बर्व्यांनी नव्हे. ब्राउनच्या प्रकरणात बर्वेच न्यायासनावर बसले होते असं समजा.

दोन वर्षांत, १८६६ मध्ये, कीज निवडून देण्याचा कायदा झाला. त्याचं सगळं श्रेय ब्राउनला देणं भाबडेपणाचं ठरेल. नवे गव्हर्नर हेन्री लॉक यांना बंदरं सुधारायला जकातीचा पैसा हवा होता, आणि लोकनियुक्त सभागृहाशिवाय लंडन हात सैल सोडायला तयार नव्हतं. तुरुंगाच्या प्रकरणाने कीजची पत घालवली होती, त्यामुळे त्यांना अडून बसणंही अवघड गेलं. अपिलं ऐकण्याचं कामही त्यांच्याकडून गेलं.

१८६७ मध्ये पहिली निवडणूक झाली. मत फक्त मालमत्ता असलेल्या पुरुषांना. निकाल लागला तेव्हा जुन्या कीजमधले बरेच चेहरे पुन्हा आत होते, फक्त या वेळी लोकांच्या दारात जाऊन आलेले.