मैदानावरील बोली

खेळ नवा आला कीं त्याच्याबरोबर नवी बोलीहि येते. हल्लीं शहरांतून पसरत असलेल्या पिकलबॉलचेंच उदाहरण घ्या. हा खेळ १९६५ सालीं अमेरिकेंतील बेनब्रिज नांवाच्या बेटावर जन्मला. मुंबईच्या श्री. सुनील वालावलकर यांनीं तो आपल्या देशांत आणिला व २००८ मध्यें त्याची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. याच्या मैदानांत जाळ्याच्या दोन्ही बाजूंस सात सात फुटांची पट्टी असते. तींत उभें राहून चेंडू अधांतरीं मारावयाचा नाहीं. नियमांच्या पुस्तकांत तिचें नांव लांबलचक आहे, परंतु खेळाडूंनीं तिला ‘किचन’, म्हणजे स्वयंपाकघर, करून टाकिलें. त्या पट्टींत अलगद टाकलेल्या फटक्यास ते ‘डिंक’ म्हणतात. (आपल्याकडे डिंक बाभळीस येतो!) एकहि गुण न मिळवितां जो हरला तो ‘पिकल’ झाला, त्याचें लोणचें झालें म्हणावयाचें.

अशा शब्दांचें कौतुक होतें आणि तें व्हावें. मला नवल वाटतें तें निराळेंच. ‘किचन’ ऐकून हंसणारे पुष्कळ शिक्षक ‘भोज्जा’, ‘धप्पा’, ‘रडीचा डाव’ हे शब्द निबंधांत दिसतांच ग्राम्य म्हणून त्यांखालीं तांबडी रेघ ओढितात. वस्तुतः या शब्दांचें कुळ लहान नव्हे. विटीदांडूंत ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असें मोजणारा आपला मुलगा तेलुगूचें एक अक्षर न शिकतां ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु यांच्या शेजारीं येऊन उभा राहतो. कबड्डींत समोरचा सारा संघ बाद केला कीं ‘लोण’ चढतो आणि दोन गुण अधिक मिळतात. १९९० मध्यें बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डी गेली ती हा शब्द बरोबर घेऊनच.

परंतु माझ्या मतें सर्वांत मोलाचा शब्द ‘कच्चा लिंबू’. थोरल्यांच्या डावांत धाकटें भावंड हट्टानें शिरलें कीं त्यास कच्चा लिंबू ठरवितात. तें धांवतें, ओरडतें, बाद झालें तरी बाद होत नाहीं, त्याच्यावर राज्य येत नाहीं. ज्यास पुरतें खेळतां येत नाहीं त्यास डावांतच ठेवण्याची ही युक्ति कोणा पंचानें शिकविली नाहीं. मुलांनींच ती काढिली. शहापूर-मुरबाडकडील शाळांच्या वर्गांत अशी जागा किती ठिकाणीं आहे? पाड्यावरून आलेलें ठाकर किंवा कातकरी मूल पुस्तकी मराठींत उत्तर देऊं शकलें नाहीं कीं मान खालीं घालून बसतें, आणि तेंच मूल मधल्या सुट्टींत चार गड्यांस हुकूम सोडतें. त्याची ती बोली अगोदर वहींत येऊं द्यावी. पुस्तकी मराठी तिच्या मागून सुखानें येईल.

तथापि मैदानावरचा प्रत्येक शब्द पूज्य मानावा असें माझें म्हणणें नाहीं. आट्यापाट्यांत पहिली ती कपाळपाटी आणि दुसरी ती चांभारपाटी. जातीचें नांव असें पायाखालीं घालण्याचें कारण काय? शब्द जुना आहे, खेळांत रुळलेला आहे, असें कोणी म्हणेल. ज्याच्या आजोबांनीं गांवाचे जोडे शिवले तें मूल त्या पाटीवर उभें असतां बाकीचीं खुदखुदतात, तेव्हां शब्दाचें वय कोणी विचारूं नये. ख्रिस्ती शाळेच्या मैदानावर तरी तिला ‘दुसरी पाटी’ एवढेंच म्हणावें.

पुढील अंकाकरितां विद्यार्थ्यांनीं आपापल्या गांवचे व पाड्यावरचे खेळ, आणि त्यांत कोणत्या वेळीं काय ओरडतात तें, लिहून आणावें. अर्थ घरच्या बोलींतच सांगावा. शुद्धलेखनाचे गुण मी कापणार नाहीं.