फी भरली, पण खोलीभाड्याचे काय?

1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तिचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. करारानुसार 1917 मध्ये ते बडोद्यात नोकरीला आले, तेव्हा जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळेना. अखेर नोकरी सोडून मुंबईला परतावे लागले.

शिक्षण आणि नोकरी यांच्यामधल्या याच टप्प्यावर वंचित घरांतली मुले आजही अडतात.

शिष्यवृत्ती कुठपर्यंत पोहोचते?

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीमुळे फीचा भार हलका होतो. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राज्याची स्वाधार योजना मुंबई-पुण्यात वर्षाला 60 हजार रुपयांपर्यंत मदत देते. म्हणजे महिन्याला पाच हजार. खोली, मेस, प्रवास सारे त्यातच. त्यात हप्ता लांबला, तर घरमालक थांबत नाही आणि मेसवालाही नाही.

इंटर्नशिप कुणाला परवडते?

पहिल्याच मुलाखतीत ‘अनुभव काय?’ हा प्रश्न हमखास येतो. तो अनुभव देणारी इंटर्नशिप अनेक ठिकाणी बिनपगारी असते. ज्याचे घर शहरात आहे, तो तीन महिने फुकट राबू शकतो. ज्याला सुटीत मजुरी करून घरी पैसे द्यायचे आहेत, तो अर्जच करत नाही. गुण सारखे असूनही दोघांच्या बायोडेटात फरक पडतो तो इथे.

2024 मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत दरमहा पाच हजार, तर राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणानुसार सहा ते दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले. कामाचा मोबदला मिळायलाच हवा, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. पण परगावी राहून पाच हजारांत महिना निघत नाही.

काय करायला हवे?

शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता सत्राच्या सुरुवातीलाच खात्यात पडावा. विद्यावेतन शहराच्या खर्चानुसार ठरावे. प्रशिक्षणाच्या काळातही वसतिगृहाची खोली कायम राहावी. आणि महाविद्यालयांनी बिनपगारी इंटर्नशिपवर शिक्का मारण्याआधी एकदा विचारावे: हा विद्यार्थी तोवर राहणार कुठे आणि जेवणार कुठे?